पडद्यावरील परग्रहवासी आणि देहाचा हिशेब

परग्रहांवर जीवसृष्टी आहे किंवा नाही, या प्रश्नाचा निकाल शास्त्रज्ञांना अद्याप देता आलेला नाही. तेथील रहिवासी दिसतात कसे, हे मात्र चित्रपटसृष्टीने केव्हाच ठरवून टाकले आहे. १९०२ साली फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी चंद्रप्रवासावर एक छोटा मूकपट काढला. त्यातील चांद्रवासी किड्यांसारखे आहेत. ते टुणटुण उड्या मारतात आणि छत्रीचा तडाखा बसताच धूर होऊन नाहीसे होतात. त्यांची सोंगे पॅरिसच्या फोली बर्जेर या प्रसिद्ध नाट्यगृहातील कसरतपटूंनी वठविली होती. तेव्हापासून कातडी बदलली, रंग बदलले, शिंगे आली, शेपट्या आल्या. पण कातडीच्या आतला कसरतपटू बहुतेक ठिकाणी कायम राहिला. दोन हात, दोन पाय, वर डोके, डोक्यात समोर पाहणारे दोन डोळे आणि त्यांच्या खाली नाक-तोंड. ही परग्रहाची शरीररचना नव्हे. ही शिंप्याने घेतलेली मापे होत.

येथे एका बारीक गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ओठांखाली पुढे आलेली हाडाची हनुवटी साऱ्या प्राणिसृष्टीत केवळ आजच्या मानवाला आहे. चिंपांझीला ती नाही. आपला अगदी जवळचा भाऊबंद जो निअँडरथल मानव, त्यालाही ती नव्हती. असे असता दूरच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरून आलेल्या पाहुण्याला मात्र रेखीव हनुवटी असते! परग्रहवासी पडद्यावर आला की आम्ही प्रथम त्याची हनुवटी पाहतो. ती दिसली की आत माणूस आहे असे खुशाल समजावे.

याचा अर्थ सारेच थोतांड आहे असा नव्हे. जो प्राणी हालचाल करून अन्न शोधतो, त्याचे तोंड पुढच्या टोकाला असणे, तोंडाजवळ डोळे असणे आणि डोळ्यांच्या निकट मेंदू असणे सोयीचे असते. शार्क हा मासा, डॉल्फिन हा सस्तन प्राणी आणि नामशेष झालेला इक्थिओसॉर हा सरीसृप. कुळे तिन्ही वेगळी, पण पाण्याने तिघांनाही जवळजवळ एकाच साच्यात ओतले. माणसाचा डोळा आणि ऑक्टोपसचा डोळा यांची घडण तर थक्क व्हावे इतकी सारखी आहे, आणि दोन्ही डोळे उत्क्रांतीच्या ओघात स्वतंत्रपणे घडले आहेत. म्हणून परग्रहवासीयाला डोके आणि डोळे असण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती हनुवटीला.

कोणी म्हणेल की मनोरंजनाला शास्त्राची फूटपट्टी कशासाठी लावावी? आमचे उत्तर असे की, जे अजून कोणी पाहिले नाही त्याविषयीचा मुलांचा पहिला पाठ हाच असतो. अपरिचित देह पाहून त्याच्याकडे हात पुढे करावा की बंदूक, हेही हे चित्रपट नकळत शिकवीत असतात. त्या मुद्द्याकडे आपण पुढे येऊच. तूर्त एवढेच ध्यानात घ्यावे की देह ही जमाखर्चाची वही आहे. ती विचित्र दिसते की ओळखीची, याला महत्त्व नाही; हिशेब जुळतो की नाही, हे पाहावयाचे.

पहिला हिशेब आकाराचा. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात तो मांडला आणि जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ सालच्या एका निबंधात तो सर्वांना कळेल असा सांगितला. (हे हाल्डेन पुढे १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले.) देह लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांनी दसपट वाढविला, तर वजन हजारपट होते, पण हाडांची जाडी, म्हणजे भार पेलणारा छेद, शंभरपटच होतो. हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दसपट भार येतो आणि माणसाची मांडी सुमारे एवढ्याच भाराखाली मोडते. साठ फुटी राक्षसाचे पहिलेच पाऊल त्याचे अखेरचे पाऊल ठरावे! १९५४ सालच्या 'देम!' या चित्रपटातील महाकाय मुंग्या जन्माने पृथ्वीवरच्याच. पण तीच युक्ती पुढे परग्रहांवरील कीटकांसाठी सर्रास वापरली गेली. कीटकाला आपल्यासारखी फुप्फुसे नसतात. त्याच्या अंगावरील छिद्रांतून निघालेल्या बारीक नळ्यांनी हवा आत पोहोचते, आणि देह वाढला की ही व्यवस्था अपुरी पडते. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्याहून बराच अधिक होता. तेव्हाच्या चतुराच्या जातीतल्या कीटकांच्या पंखांचा विस्तार दोन फुटांवर गेला होता. हत्तीएवढा मात्र कोणी झाला नाही.

दुसरा हिशेब पूर्वजांचा, आणि याकडे चित्रपटांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. घोड्याला पंख लावले की सहा अवयव होतात. निसर्गात मात्र पक्ष्याचे पंख म्हणजे त्याचे हातच असतात. पृष्ठवंशी प्राण्यांची हातपायांची चौकडी पाण्यातून जमिनीवर येणाऱ्या माशांच्या काळात ठरली. त्या टप्प्यावरच्या 'टिक्टालिक' या साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे अवशेष २००४ साली उत्तर कॅनडात सापडले. बेडूक, साप, चिमणी, देवमासा आणि माणूस हे सारे त्याच चौकडीचे वारस आहेत. सापाने ती गमावली, पण तिच्यात भर घालणे कोणाला जमले नाही. आता जेम्स कॅमेरून यांचा २००९ सालचा 'अवतार' पाहावा. पँडोरावरील घोड्यांना सहा पाय, हिंस्र श्वापदांना सहा पाय, बहुतेकांना चार डोळे आणि श्वासाची छिद्रे छातीजवळ. जीवसृष्टी कशी एका कुळातील वाटते! परंतु तेथील नावी लोकांना तेवढे चार अवयव, दोन डोळे आणि चेहऱ्यावर नाक. कारण उघड आहे. नायकाचे मन जिच्यावर जडावयाचे, तिला चार डोळे देणे निर्मात्याला परवडणारे नव्हते. तरीही चित्रकारांच्या मनाला टोचणी असावी. झाडांवरून उड्या मारणारा एक माकडासारखा प्राणी त्यांनी दाखविला आहे, आणि त्याचे दंड एकमेकांत मिसळलेले असून कोपरापासून पुढे हात दोन-दोन झाले आहेत. सहाचे चार कसे झाले असतील, याचा तो ओझरता खुलासा आम्हांस त्या चित्रपटातील भव्य युद्धापेक्षा अधिक आवडला.

यानंतर अन्न. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीतील मंगळवासी माणसाचे रक्त आपल्या शिरांत घेतात, आणि त्यानंतर कितीतरी चित्रपटांतील परग्रहवासी माणूस खाण्यासाठी हपापलेले असतात. परंतु अन्न अंगी लागावयाचे तर खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची रसायने जुळावी लागतात. पृथ्वीवरील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनली आहेत, त्यांना डावे आणि उजवे असे दोन अवतार संभवतात, जसे पायांतले जोडे. पृथ्वीवरच्या जीवांनी प्रथिनांसाठी जवळजवळ सर्वत्र डावा जोडा निवडला. दुसऱ्या ग्रहाने उजवा निवडला असेल, तर तेथला राक्षस आपल्याला मिटक्या मारीत खाऊनही उपाशीच राहील.

अन्नाचा विचार निघाला की 'कोई मिल गया' (२००३) मधला जादू आठवतोच. घरोघरच्या मुलांनी त्याचे 'धूप' हे मागणे तोंडपाठ केले होते. उन्हावर जगणारा प्राणी ही कल्पना वेडगळ मुळीच नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एलिसिया क्लोरोटिका नावाची एक समुद्री गोगलगाय आहे. ती शेवाळ खाते, त्यातील हरितद्रव्याचे कण आपल्या पेशींत साठविते आणि मग काही महिने अन्नावाचून राहू शकते. तेव्हा जादूचाही हिशेब मांडून पाहू. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट ऊन पडते. वनस्पती त्यातील शेकडा एक-दोन भागच अन्नात बदलतात. म्हणजे वीस वॅट धरू. रात्र आणि तिरपे ऊन जमेस धरता दिवसाला पूर्ण उन्हाचे सहा तास धरावेत, म्हणजे सरासरी पाच वॅट. लहान मुलाएवढ्या देहाला नुसते पडून राहण्यासही पन्नासेक वॅट लागतात. म्हणजे जादूला सुमारे दहा चौरस मीटर हिरवी त्वचा उन्हात पसरावी लागेल. दहा चौरस मीटर म्हणजे किती? घरातील आजीबाईंचे नऊवारी लुगडे अंगणात वाळत घातलेले पाहावे, साधारण तेवढे! जादूचे गोल पोट आणि आखूड हात या कामी निरुपयोगी आहेत. वर उल्लेखिलेली गोगलगाय मात्र पाहावी, ती हुबेहूब पानासारखी पसरट आहे. उन्हावर जगणाऱ्याने पान व्हावे, हा निसर्गाचा दंडकच दिसतो. पानाला अर्थात मुलांबरोबर बास्केटबॉल खेळता आला नसता.

आता ज्या चित्रपटाने देहाची कल्पना सर्वांत खोलवर नेली, त्या रिडली स्कॉट यांच्या 'एलियन' (१९७९) कडे वळू. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने घडविलेला तो जीव अंड्यातून निघतो, माणसाच्या चेहऱ्यास चिकटून त्याच्या पोटात बीज ठेवतो आणि काही काळाने छाती फोडून बाहेर येतो. प्रेक्षकांची भीतीने गाळण उडाली. परंतु या प्रकाराचे लहान रूप आपल्या भिंतीवर दरसाल घडत असते. कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, अळीला डंख मारून लुळी करते, तिला त्या घरात कोंडते आणि सोबत अंडे घालून दार लिंपून घेते. काही दिवसांनी घरातून अळी न निघता नवी कुंभारीण निघते. आपल्या पूर्वजांनी हे पाहिले आणि त्यातून भ्रमर-कीटक न्याय निघाला: अळी भीतीने माशीचे अखंड ध्यान करते आणि शेवटी माशीच होते. संतवाङ्मयात भक्ताने देवरूप होण्याचा हा लाडका दृष्टान्त आहे आणि दृष्टान्त म्हणून त्याची गोडी आजही उणावलेली नाही. प्रत्यक्षात मात्र अंड्यातून निघालेले पिल्लू त्या जिवंत अळीला खाऊन वाढते. याच वर्गातील इक्न्यूमन माश्या अळीच्या अंगातच अंडी घालतात. दयाळू ईश्वराने त्या मुद्दाम निर्माण केल्या असतील असे आपणास पटत नाही, असे डार्विनने १८६० साली आपल्या अमेरिकन मित्राला, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना, पत्राने कळविले होते.

तेव्हा 'एलियन'चे जीवनचक्र पूर्णपणे निसर्गसंमत आहे. खोट आहे ती दोन ठिकाणी. अशा माश्या लक्षावधी वर्षे आपल्या ठराविक भक्ष्याबरोबर घडत आलेल्या असतात. त्या भक्ष्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती कशी चुकवावी हे त्यांच्या रक्तात मुरलेले असते. ज्याने माणूस कधी पाहिलाच नाही, त्या जीवाला माणसाचे पोट पहिल्याच भेटीत मानवावे कसे? दुसरी खोट वाढीची. छातीतून निघालेले वीतभर पिल्लू काही तासांत माणसाहून उंच होते, आणि तेवढ्यात त्याने काही खाल्ल्याचे दिसत नाही. निळ्या देवमाशाचे पिल्लू दिवसाला सुमारे ९० किलो वाढते, पण त्यासाठी ते आईचे शेकडो लिटर दूध पिते. वस्तुमान हवेतून येत नसते. गीगरचा हा अद्भुत देहही अखेर बोलाजी बाडेजो या अतिशय उंच नायजेरियन तरुणाच्या अंगावर चढविलेला पोशाखच होता. मात्र त्याचे हातपाय इतके लांब आणि सडपातळ होते की आत माणूस आहे हे चटकन ध्यानात येत नाही.

देहाचा हिशेब न पाहता प्रेक्षक मात्र चेहऱ्यावरून माणसे निवडतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली दाखविले की मोठे डोके, मोठे डोळे आणि आखूड हातपाय दिसले की माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते. स्पीलबर्ग यांचा ई. टी. (१९८२) याच मापाचा आहे आणि आपला जादू त्याचा धाकटा भाऊ शोभतो. (या दोघांच्याही आधी, १९६७ साली, सत्यजित राय यांनी बंगालच्या खेड्यातील कमळांच्या तळ्यात यान उतरविणारी 'द एलियन' ही पटकथा लिहिली होती; तो चित्रपट निघालाच नाही.) उलट ज्याला जबडे, मिश्या, कवच असेल तो शत्रू. ही वाटणी उघड्यावर आणण्याचे धाडस २००९ च्या 'डिस्ट्रिक्ट ९' ने केले. जोहान्सबर्गवर यान येऊन थांबते आणि त्यातील उपाशी, कवचधारी, तोंडाभोवती सोंडा वळवळणारे परग्रहवासी तारेच्या कुंपणातल्या झोपड्यांत राहू लागतात. नगरवासी त्यांना 'प्रॉन', म्हणजे कोळंबी, म्हणतात आणि पुढे त्यांना तेथूनही उठवावयास निघतात. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला आणि साठ हजारांवर माणसांना तेथून हलविण्यात आले, हा इतिहास चित्रपटाच्या मागे उभा आहे. त्या उठविलेल्या माणसांना सोंडा नव्हत्या. दिग्दर्शक नील ब्लोमकॅम्प आपल्याला आधी किळस येऊ देतात आणि मग त्या किळसवाण्या बापाचे आपल्या पिल्लावरचे प्रेम दाखवितात. तरी पिल्लाचे डोळे त्यांनी चांगले मोठे ठेवले आहेत, हे नोंदविले पाहिजे.

खऱ्या नवलासाठी पृथ्वीबाहेर जाण्याचीही गरज नाही. कॅनडातील बर्जेस शेल या खडकांत १९०९ साली चार्ल्स वॉलकॉट यांना सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे ठसे सापडले. त्यांपैकी ओपाबिनियाला पाच डोळे आणि पुढे सोंडेच्या टोकाला चिमटा. हॅरी व्हिटिंग्टन यांनी १९७२ साली ऑक्सफर्डच्या सभेत त्याचे चित्र दाखविले, तेव्हा जमलेले विद्वान खो-खो हसले. हॅलुसिजेनिया या जीवाची गत याहून वाईट. १९७७ साली त्याचे जे चित्र काढले गेले त्यात तो काट्यांवर उभा होता; १९९१ मध्ये कळले की ते काटे पाठीवरचे, म्हणजे चित्रच उलटे होते; आणि ज्याला डोके मानले होते ती शेपटीकडची बाजू, हे ठरावयास २०१५ साल उजाडले. ज्यांचे ठसे हातात आहेत त्यांच्याविषयी ही स्थिती!

शिवाय पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षांपासून जीवन आहे आणि त्यातील बहुतेक काळ ते डोळ्यांना दिसणारही नाही एवढे होते. म्हणून सर्वांत संभवनीय परग्रहवासी आम्हांस १९७१ सालच्या 'द अँड्रोमिडा स्ट्रेन' या चित्रपटात भेटला. तेथे पाहुणा म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचा एक स्फटिकासारखा जीव आहे. त्याला हनुवटी नाही. हा शोध आपल्या मराठी माणसानेही घेतला. कोल्हापुरात जन्मलेले, वाराणसीत वाढलेले आणि मे २०२५ मध्ये निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००५ साली हैदराबादहून एक बलून सोडण्यात आला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेच्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांतील एकीला फ्रेड हॉइल यांचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. त्या परग्रहावरून आल्या असा निष्कर्ष मात्र काढला गेला नाही.

परंतु जंतूंशी संभाषण होत नाही, आणि चित्रपटाला संभाषण हवे असते. देहाचा हिशेब सांभाळून संभाषण घडविणारा चित्रपट आमच्या मते 'अरायव्हल' (२०१६) हाच होय. टेड चियांग यांच्या १९९८ सालच्या दीर्घकथेवरून डेनी व्हिलनव्ह यांनी तो केला. यातील पाहुण्यांना सात पाय असून ते चक्राच्या आऱ्यांप्रमाणे सभोवार फुटलेले आहेत. मूळ कथेत त्यांना डोळेही सात आणि सर्व बाजूंना आहेत. म्हणजे या देहाला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही.

भाषेच्या अध्यापकाला येथे विशेष गंमत वाटते. आपली देवनागरी शिरोरेखेला धरून डावीकडून उजवीकडे चालते, उर्दू उजवीकडून डावीकडे. पण दोन्ही 'चालतात', कारण आपण स्वतः पुढे चालणारे, पुढे पाहणारे प्राणी आहोत. ज्याला पुढे-मागे नाही त्याचे लेखन एका दिशेने का जावे? म्हणून हे पाहुणे पायाच्या टोकातून शाई सोडतात आणि अख्खे वाक्य एकदमच वर्तुळासारखे उमटते. त्याला आरंभ नाही, शेवट नाही. कोकण-गोव्याच्या बाजारात मिळणारी माकुलेही शाई सोडतात, तेव्हा तीही कल्पना हवेतली नव्हे. मूठभर ऑक्टोपसचे उदाहरणही येथे साक्षीला आहे. त्याला तीन हृदये, रक्त निळे आणि सुमारे पन्नास कोटी मज्जापेशींपैकी दोन-तृतीयांश हातांतच आहेत. हात जणू स्वतंत्रपणे विचार करतात. अशा जीवाला वेदना कळते हे ब्रिटनच्या कायद्याने २०२२ साली मान्य केले.

'अरायव्हल'मधील भाषातज्ज्ञ स्त्री काचेसारख्या पडद्याच्या अलीकडे उभी राहून कित्येक दिवस त्या धुक्यातील सात पायांशी बोलत असते. त्यांना चेहरा नाही, म्हणून प्रेम करावे असेही काही नाही आणि द्वेष करावा असेही नाही. उरते ते फक्त त्यांचे लेखन. अखेरीस ती एकटी त्या धुक्यात शिरते, मान वर करून पाहते, आणि तेव्हा तिला दिसते की इतके दिवस आपण ज्याला त्यांचा संपूर्ण देह समजत होतो, तो केवळ त्यांचा खालचा भाग होता.